मागचा डावा

कोल्हापुराहून निघालो, गगनबावड्याच्या रस्त्यानं कळे गाव मागं पडलं आणि आमच्या गाडीतला टेप पहिल्यांदा खाकरला. टेप म्हणजे खरा टेप नव्हे. त्यात कॅसेट जात नाही, सीडी जात नाही. फोनमधलं गाणं वायरीशिवाय त्यात उतरतं. पण गाडीत जे वाजतं त्याला आमच्या घरात टेपच म्हणतात, आणि ‘टेप लाव’ म्हटल्यावर काय लावायचं हे सगळ्यांना कळतं.

लावणी चालू होती. ढोलकीवर थाप पडली की माझ्या उजव्या गुडघ्यापाशी, दारातून, एक आवाज यायचा. पहिल्या वेळी वाटलं, वादकानं काहीतरी नवीन केलंय. कलावंताला तेवढी सूट द्यायला हवी. दुसऱ्या थापेला पुन्हा तोच आवाज. तिसऱ्या थापेला बायकोनं माझ्याकडं बघितलं. गाडीतून कुठलाही अनोळखी आवाज आला की तो मीच काढलाय, या समजुतीवर आमचा बावीस वर्षांचा संसार उभा आहे.

“काय खरखरतंय?” ती म्हणाली.

“खरखर नव्हे, घरघर आहे ती,” मागच्या सीटवरून दाजी म्हणाले. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. ते पाहुणे म्हणून येतात आणि तज्ज्ञ म्हणून राहतात.

“फडफडतंय,” मुलगी म्हणाली. कानातली इअरफोनची बोंडं तिनं काढलेली नव्हती.

आई काही बोलली नाही. मागच्या डाव्या दाराशी बसून ती उसाकडं बघत होती. ती तिची ठरलेली जागा. रस्त्याच्या कडेला उतरायला बरं पडतं, म्हणते. तिथं दुसरं कुणी बसलं तर ती दार उघडून नुसती उभी राहते, मग बसलेला माणूस आपणहून सरकतो.

साळवण येईपर्यंत लावणी संपली, पण त्या आवाजाला काय म्हणायचं हा वाद पार गगनबावड्यापर्यंत चालला. दाजी घरघरीवर ठाम होते. बायको खरखरीवरून हटेना. मी मधला मार्ग म्हणून ‘किरकिर’ सुचवली, तर ती स्पीकरची नसून दुसऱ्या कुणाची असते असं मला सांगण्यात आलं.

हा वाद वाटतो तितका फालतू नव्हता, हे मला पुढं कोल्हापूरच्या उद्यमनगरात कळलं. स्पीकरचे आजार ओळखायला मराठीसारखी भाषा नाही. खरखर म्हणजे स्पीकरच्या आतली कॉईल कुठंतरी घासतेय. फडफड म्हणजे पडद्याची कड, म्हणजे बाहेरची ती रबराची किंवा फोमची गोल पट्टी, फाटलीय नाहीतर डिंकातून सुटलीय. खडखड असेल तर स्पीकर निर्दोष आहे, दाराचं प्लास्टिक सैल झालंय, एखादी क्लिप तुटलीय किंवा दाराच्या कप्प्यात कुणीतरी सुट्टे पैसे ठेवलेत. मध्येच तुटणारी चरचर म्हणजे वायर ढिली. गाणं बंद केलं तरी घूंऽऽ चालूच असेल तर अर्थिंग बघा. आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कुईंऽऽ करत चढत जाणारा आवाज असेल, तर तो बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा आहे, स्पीकर बिचारा फक्त निरोप पोचवतोय. एवढे शब्द आपल्याला घरबसल्या मिळालेत. मिस्त्रीकडं जाऊन नुसता नेमका शब्द उच्चारला तरी निम्मं निदान होतं. अडचण एकच आहे. पाच माणसांना एकच शब्द ऐकू येईल याची हमी भाषा देत नाही.

गगनबावड्याला पाऊस होता, धुकं होतं, भजी होती. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तिथं ते बाराही महिने असल्यासारखंच असतं.

पुढच्या रविवारी तपासणी सुरू झाली. टेपमध्ये दोन सोयी असतात आणि गाडी विकत घेतल्यापासून त्यांना कुणी हात लावलेला नसतो. बॅलन्स म्हणजे आवाज डावीकडं-उजवीकडं नेणं, आणि फेडर म्हणजे पुढं-मागं नेणं. दोन्ही मिळून फिरवले की चार दारांपैकी एकेका दाराला एकट्याला बोलायला लावता येतं. पोलीस चार संशयितांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवतात, त्यातलाच प्रकार. या तपासणीला एक पैसा लागत नाही, पाना लागत नाही, दार उघडावं लागत नाही. फक्त दोन माणसं लागतात आणि त्यांचं डाव्या-उजव्याबद्दल एकमत लागतं.

मी आत बसून बटणं फिरवत होतो. बायको बाहेर उभी राहून दाराला कान लावत होती.

“डावा पुढचा वाजतोय का?”

“उजवा वाजतोय.”

“तुझा उजवा की गाडीचा उजवा?”

“माझा. गाडीला कुठं हात आहेत?”

मग ठरलं की गाडीला तोंड आहे, त्याअर्थी तिला डावं-उजवंही आहे, आणि दोघांनी तिच्याच तोंडानं बघायचं. त्यानंतर निकाल पटापट लागले. पुढचा डावा स्वच्छ. मागचा उजवा स्वच्छ. पुढचा उजवा, म्हणजे माझ्या गुडघ्यापाशी बसलेला, ढोलकीला नेमाने खर्र करणारा. बायको जिंकली, खरखरच होती. आणि मागचा डावा?

मागचा डावा काहीच करत नव्हता. आवाज पूर्ण वाढवला तरी नाही. इतकी निर्मळ शांतता होती की मुलीनं दार उघडून विचारलं, “बाबा, हे नॉइज कॅन्सलिंग आपण कधी बसवलं?”

एक पेशंट शोधायला गेलो आणि पलीकडच्या खाटेवर एक मयत सापडलं. ते कधी वारलं हेही कुणाला माहीत नाही. मी घरात जाऊन आईला विचारलं. तिच्या कानापासून हातभर अंतरावरचा स्पीकर, साक्षीदार तीच.

“मला काय कळतंय त्यातलं,” आई म्हणाली आणि लसूण सोलायला लागली.

मला जरा नवलच वाटलं. कारण आईला कळत नाही अशी गोष्ट आमच्या घरात सहसा घडत नाही. उलट काही ठरायच्या आधीच तिला ते कळलेलं असतं. शाहूपुरीतला एक फ्लॅट बघून यायचं आम्ही नवराबायकोनं आपसात ठरवलं होतं, कुठं बोललो नव्हतो, दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा करता करता आई म्हणाली, “तिसरा मजला म्हणजे लिफ्ट आहे का ते आधी बघा.” तिच्या पंचाहत्तरीला पैठणी घ्यायचं गुपित होतं, तर आठ दिवस आधी तिनं जांभळा रंग आपल्याला शोभत नाही असं सहज सांगून टाकलं. पैठणी जांभळीच ठरली होती. आम्ही याला आईचं मन म्हणतो. बायको म्हणते, त्यांना काहीतरी सिद्धी आहे. अंबाबाईची एक शुक्रवारची फेरी त्यांनी चुकवलेली नाही.

ते असो. खरखरीकडं वळतो.

आठवडाभर मी गाणी बदलून पाहिली. भावगीत लावलं, काही नाही. बासरी लावली, काही नाही. सतार लावली तर स्पीकर असा वाजला की मलाच अपराधी वाटलं. पुन्हा ढोलकी लावली, खर्र. मग तबला लावला आणि गंमत कळली: चाटीला साफ, डग्ग्याला खर्र. त्याचं कारण सरळ आहे. बारीक, उंच आवाजाला स्पीकरचा पडदा नुसता थरथरतो. खर्जाच्या आवाजाला त्याला डोळ्याला दिसेल इतकं पुढं-मागं जावं लागतं, आणि ज्याचं काही दुखतंय त्याचं दुखणं अंग हलवल्यावरच कळतं. बासरी लावून स्पीकर तपासणं म्हणजे पैलवानाला बुद्धिबळाच्या पटावर बसवून त्याचा गुडघा बरा आहे म्हणणं.

एक आरती मात्र चारही दारांतून खरखरली. (तीन दारांतून. चौथं वारलेलं.) मी हबकलो. पण ती आरती कुणीतरी गर्दीत फोन वर धरून टिपलेली, आणि नंतर व्हॉट्सअ‍ॅपच्या कुठल्या कुठल्या गटांचं पाणी पिऊन माझ्यापर्यंत आलेली होती. गाणंच फाटलेलं असेल तर स्पीकर काय शिवणार? तेव्हा स्पीकरवर आळ घेण्याआधी तेच गाणं दुसऱ्या कशावर तरी ऐकून घ्यावं. हे मी तीन दिवसांनी केलं.

त्याच सुमारास शेजारचे अण्णा आले. अण्णा वीज मंडळातून निवृत्त झाले, पण त्यांचा मल्टिमीटर झाला नाही. पिवळ्या रंगाचा तो मीटर ते शर्टाच्या खिशात ठेवतात आणि कुणाच्याही घरी गेले की चहा येईपर्यंत भिंतीतल्या एखाद्या सॉकेटला तो लावून बघतात.

मीटर लावायचा तर स्पीकरपर्यंत पोचायला हवं, म्हणजे दाराचं आतलं प्लास्टिक काढायला हवं. दाजींनी फोनवर व्हिडिओ बघितला. त्यात एक माणूस दोन बोटांनी पॅनेल काढतो आणि हसतो. आम्ही तिघांनी सहा हातांनी काढलं. नऊपैकी चार क्लिपा तुटल्या, म्हणजे एका दुखण्याच्या शोधात भावी खडखडीची सोय झाली. दाराच्या आत काचेची यंत्रणा होती, पाण्यासाठी लावलेला प्लास्टिकचा कागद होता, एक रुपयाची दोन नाणी होती, आणि तळाशी एक चुरगळलेली पावती होती. अण्णांनी ती उलगडली. ती कोल्हापुरात टोलनाके होते त्या काळातली टोलची पावती होती.

टोल जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. टोलविरोधी आंदोलनात आमच्या गल्लीतल्या एकानंही टोल भरला नाही हे आम्ही सगळे छातीवर हात ठेवून सांगतो. मी तर नाक्यावर कसा भांडलो याची गोष्टही सांगतो. अण्णांनी पावती वाचली. माझ्याकडं बघितलं. घडी घालून ती मीटरच्या शेजारी खिशात ठेवली. त्या दिवसापासून अण्णांना मी कुठल्याच गोष्टीत विरोध करत नाही.

“आता बगा,” अण्णा म्हणाले. त्यांनी स्पीकरची वायर काढून बाजूला केली, कारण वायर जोडलेली ठेवून मोजलं तर टेपचंही माप त्यात मिसळतं. मीटरचा खटका 200 ओहमवर आणला, दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून वायरीचं स्वतःचं किती येतं ते पाहिलं, आणि मग ती स्पीकरच्या दोन पायांना लावली. आकडा आला साडेतीन.

“किती ओहमचा म्हणून दिला होता?”

“चार. मॅग्नेटवर लिहिलंय की.”

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला. “चारचा म्हणून दिला आणि साडेतीनच भरतोय. अर्धा ओहम मारला की ओ तुमचा!”

गूळ, पेट्रोल आणि सोनं यांच्या मापाबद्दल मी सावध असतो, पण ओहम कुणी मारेल असं वाटलं नव्हतं. नंतर समजलं की यात दुकानदाराचं काही पाप नाही. स्पीकरवर लिहिलेला चार हा गाण्याच्या हलत्या विजेला होणारा अडथळा आहे. मीटर मोजतो तो आपल्या बॅटरीच्या सरळ विजेला होणारा, आणि तो नेहमीच थोडा कमी भरतो. चारच्या स्पीकरला सव्वातीन ते पावणेचार म्हणजे तब्येत उत्तम. आकडा शून्याजवळ गेला तर कॉईल आतल्या आत चिकटून शॉर्ट झालीय. आणि मीटरवर नुसता डावीकडं एक दिसला किंवा ओएल आलं, तर कॉईल जळून तुटलीय, रामनाम घ्या.

थोडक्यात, मीटरच्या मते आमचा स्पीकर ठणठणीत होता. असा एक काका प्रत्येक घरात असतो. सगळे रिपोर्ट नॉर्मल, आणि माणूस रात्रभर खोकतोय.

“पण अण्णा, खरखर ऐकू येतीय.”

“मीटर खोटं बोलत न्हाई.”

“मग काय आवाज खोटं बोलतोय?”

“तुम्ही आवाज ऐकू नका. आकडा बगा.”

माझ्या डोळ्यांसमोर ती टोलची पावती आली. मी आकडा बघितला.

जाता जाता अण्णांनी स्पीकरचा वास घेतला. हे मात्र खरं शास्त्र आहे. टेपची ताकद संपल्यावरही आपण आवाज चढवतच राहिलो तर आवाजाच्या लाटांचे शेंडे छाटले जातात, कॉईल तापते आणि तिच्यावरचं वार्निश करपतं. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानासमोरून जाताना येतो तोच वास. अण्णांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. शेजारच्या वहिनी गॅलरीतून हे बघत होत्या. “जळका न्हाई,” अण्णा म्हणाले, “फिनेलचा वास आहे.” तो गाडी धुतल्याचा होता.

मग दाजींची पाळी. दाजींची पद्धत सोपी. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्यायचा, दोन वायरी घ्यायच्या, स्पीकरच्या पायांना क्षणभर टेकवायच्या. टक् आवाज आला आणि पडदा पुढं उडाला म्हणजे स्पीकर जिवंत. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिक पायाला लावलं तर पडदा बाहेर येतो, उलटं लावलं तर आत जातो. हे कळणंही कामाचं असतं, कारण चारांतला एक उलटा जोडला गेला तर बाकीचे ढकलत असताना तो ओढत बसतो आणि ढोलकीचा नगारा व्हायच्या ऐवजी डबा होतो. सेल टेकवून धरून ठेवायचा नसतो, टेकवला की काढायचा.

घरात सुटा सेल नव्हता. दाजींनी भिंतीवरच्या घड्याळातला काढला. टक्. पडदा उडाला. दाजींना इतका आनंद झाला की त्यांनी ते चाळीसएक वेळा केलं, गल्लीतली पोरं बोलावून त्यांनाही करू दिलं. खरखर काही सापडली नाही. टक् अगदी स्वच्छ होता. त्या दिवशी आमच्या घरात दुपारभर सव्वाअकराच वाजलेले होते, त्यामुळं जेवायला कुणी बोलावलंच नाही.

भूक लागून भांबावलेल्या अवस्थेत दाजी म्हणाले, “आता ह्या मागच्या डाव्याला पण सेल लावून बघूया. दार खोलतो.”

“एका दिवसात एकच दार खोला,” पायरीवरून आई म्हणाली. “पाऊस येईल.”

आभाळ निरभ्र होतं. पण आईचं मन. आम्ही पॅनेल उरलेल्या पाच क्लिपांवर बसवलं आणि हात धुतले. पाऊस त्या दिवशी आला नाही.

शेवटी उद्यमनगर गाठलं. जिथं बापजाद्यांपासून ऑइल इंजिनं आणि ओतकाम होतं, तिथं दाराच्या स्पीकरचं काय, असं वाटून मी आजवर गेलो नव्हतो. एका गाळ्यात मिस्त्री सापडले. त्यांच्याभोवती माझ्या कमरेइतके उंच काळे खोके होते, त्यांतले काही पोट फाडलेले.

“डॉल्बीचं काम करता?”

“गणपतीच्या आधी दोन म्हैने तेच. बाकी वर्षभर असलं किरकोळ.”

डॉल्बी म्हणजे काय हे कोल्हापूर-सांगली-सातारकरांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो: आमच्याकडं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला डॉल्बी म्हणतात. ती समोरून गेली की खिडकीची तावदानं, भांड्यांची मांडणी आणि छातीचा पिंजरा एकाच तालात हलतात. दिवसा निवासी भागात 55 डेसिबलच्या वर आवाज नको असा नियम 2000 सालचा आहे. डॉल्बीच्या जनरेटरचा नुसता श्वासही त्याच्या वर असतो. आता गंमत बघा. रे डॉल्बी नावाच्या अमेरिकन माणसानं 1965 साली लंडनमध्ये कंपनी काढली ती कशासाठी? टेपवर गाण्यामागं जी बारीक सुस्स, खरखर येते ती कमी करण्यासाठी. सगळ्या जगात त्या माणसाचं नाव आवाज स्वच्छ करणारा म्हणून छापलं गेलं. आमच्याकडं ते ट्रॉलीवर चढलं.

मिस्त्रींनी मीटर काढला नाही, सेल मागितला नाही, गाणंही लावू दिलं नाही. दारातनं स्पीकर काढून मांडीवर घेतला, पडद्याच्या मध्यावरच्या टोपीभोवती तीन बोटं सारख्या अंतरावर ठेवली आणि तान्ह्या पोराच्या टाळूला तेल जिरवावं तशी हलक्यानं दाबली. पडदा आत गेला, वर आला. पुन्हा दाबला.

“कान लावा.”

मी लावला. काडेपेटीवर काडी न पेटवता ओढावी तसा आवाज आला. खस्स. खस्स.

“घासतोय. मीटरला काय कळनार? वायर शाबूत हाय, वीज जातीय. माणसाची नाडी चालू हाय म्हनून गुडगा बरा म्हनायचा का?”

पैलवानाचा गुडघा मीच शोधून काढलाय असं मला वाटत होतं. तो उद्यमनगरात आधीपासून होता.

मग त्यांनी शेजारचा एक फुटका स्पीकर उलगडून दाखवला. लोहचुंबकाच्या मध्ये एक गोल फट असते, मिलिमीटरहून कमीच मोकळीक असलेली. तिच्यात तांब्याच्या बारीक तारेची कॉईल तरंगत असते, कुठंही न टेकता. गाण्याची वीज आली की ती पुढं-मागं धावते आणि तिला चिकटलेला पडदा हवा ढकलतो. 1925 साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी असा स्पीकर मांडला, आणि शंभर वर्षांत त्याची जात बदललेली नाही. दारातल्या साडेसहा इंची स्पीकरमध्ये तेच आहे आणि ट्रॉलीवरच्या अठरा इंचीतही तेच. सगळा संसार त्या फटीवर. तिच्यात कणभर काही गेलं की खरखर सुरू.

“ह्याच्यात काय गेलंय?”

मिस्त्रींनी टोपी ब्लेडनं कापली, आत चिकटपट्टीचा तुकडा फिरवला आणि माझ्यापुढं धरला. तांबूस काळी भुकटी होती.

“स्पीकर मोठे बसवताना दार कापलं हुतं न्हवं? ड्रिल मारलं?”

मारलं होतं. सहा वर्षांपूर्वी, डब्यावर 200 वॅट लिहिलेले स्पीकर मोठ्या हौसेनं आणले तेव्हा. माझ्या अंगणात, माझ्याच देखरेखीखाली.

“स्पीकर शेजारीच उगडा ठेवला असनार. पत्र्याचा कीस उडाला, मॅग्नेटनं गोळा केला. वर पावसाचं पानी. गंजला, फुगला, घासाय लागला.” मग डब्यावरच्या 200 वॅटबद्दल विचारलं तर ते हसले. “डब्यावर काय लिवायचं ते डबं छापनारा ठरवतोय. तुमच्या टेपातनं दाराला वीस वॅट मिळालं तर लै झालं.”

म्हणजे बायकोची सुरुवातीची समजूत बरोबर होती. आवाज मीच काढला होता.

एवढ्या स्पीकरला नवीन कॉईल-पडदा टाकणं परवडत नाही, ते मोठ्या खोक्यांचं काम. मिस्त्रींनी पुढचे दोन्ही बदला असा सल्ला दिला, म्हणजे दोन्ही कानांना आवाज सारखा. बायकोनं फोनवरून एकच बदला असा निर्णय दिला. एक बदलला. ढोलकी लावली. थाप पडली ती थापेसारखी पडली. क्लिपाही त्यांनी नवीन घातल्या, पाच रुपयाला एक.

“अजून एक आहे,” मी म्हटलं. “मागचा डावा. तो पूर्ण गेलाय. आवाजच नाही.”

मिस्त्रींनी मागचं दार खोललं, आत हात घातला आणि तसेच थांबले. मला वाटलं, उंदीर. वायर उंदरानं कुरतडलेली असणार, गल्लीतल्या निम्म्या गाड्यांच्या त्यानं कुरतडल्यात.

“साहेब, हे तुटलेलं न्हाई.”

“मग?”

“काढून ठेवलंय.” त्यांनी वायरीचं टोक बाहेर ओढलं. पिन स्पीकरमधून सोडवून, तिच्यावर काळी टेप गुंडाळून, खडखड होऊ नये म्हणून वायर आतल्या आकड्याला बांधून ठेवली होती. “चोरानं केलेलं न्हवं हे. लै मन लावून केलेलं काम हाय.”

त्यांनी स्पीकरला तीन बोटं लावली. आवाज नाही. मग माझ्या समाधानासाठी मीटर लावला. 3.6 ओहम. “नवाकोरा हाय. वाजलाच न्हाई जास्ती. जोडू?”

मी घरी फोन लावला. “आई, मागच्या दाराचा तो स्पीकर...”

“जोडू नको,” आई म्हणाली.

संध्याकाळी सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी मागची काच अडकली होती आणि ती दुरुस्त करायला एक पोरगा घरी आला होता. मी कामावर होतो, बायको बाहेर गेली होती. दार खोललेलंच होतं. आईनं त्याला चहा दिला, वर पन्नास रुपये दिले आणि पिन काढून घेतली.

“पण का? आवाजाचा त्रास व्हायचा तर सांगायचं. आवाज कमी केला असता.”

“त्रास कसला,” आई म्हणाली. “त्या टेपापायी तुम्ही दोघं पुढं काय बोलता ते ऐकूच यायचं नाही.”

बायकोनं हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं. शाहूपुरीचा फ्लॅट, तिसरा मजला, जांभळी पैठणी, गेल्या दिवाळीला दाजींविषयी झालेलं बोलणं, एकेक गोष्ट तिच्या चेहऱ्यावरून सरकताना मला दिसली.

स्पीकर अजून तसाच आहे, पिन काढून ठेवलेला. आणि काही महत्त्वाचं बोलायचं असलं की आम्ही दोघं हल्ली स्कूटर काढतो.